अण्णांचे विसरणे आणि आमचे लपविणे



घरात कुणाला साखरेचा आजार निघाला, कुणाचे हृदयाचे ऑपरेशन ठरले, तर आपण चाळीत सांगतो. माणसे भेटायला येतात, शहाळे आणतात, रात्री रुग्णालयात थांबायला कोणी तरी तयार होतो. परंतु दुखणे डोक्याचे असले की आपली तोंडे बंद होतात. आमचीही झाली होती. आमच्या वडिलांचा आजार आम्ही पाच महिने लपविला. त्या पाच महिन्यांत आम्ही काय गमावले आणि सांगितल्यावर काय झाले, ते येथे लिहीत आहोत. आपल्या वस्त्यांत असे दुखणे आणखी किती तरी घरांत दाराआड असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही तीन भावंडे. दोन भाऊ, एक बहीण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते, 2011 साली निवृत्त झाले. नट नुसता पाहून कितीचा पाना लागेल हे सांगणारा माणूस. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. उलट वस्तीत पिणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना चार शब्द सांगणारे. विहारात दर रविवारी वंदना तेच घेत. चाळीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म त्यांच्या हातचे.

2021 पासून काही तरी बिघडत चालले होते. सकाळी आणलेले दूध विसरून पुन्हा दूध आणायला जाणे, एकच गोष्ट दहा मिनिटांत तीनदा सांगणे, गॅसवर चहाचे भांडे जळून जाणे. एकदा जुन्या सोबत्याला भेटून येताना दोन स्टेशने पुढे जाऊन उतरले आणि तिथेच बाकावर बसून राहिले. आई म्हणायची, "वय झालं, चालायचंच." आपल्याकडे म्हणच आहे, साठी बुद्धी नाठी. त्या म्हणीने आमचे एक वर्ष खाल्ले.

मग एक दिवस नळ दुरुस्त करताना अण्णांनी पाना हातात धरला आणि थोरल्याला विचारले, "याला काय म्हणतात रे?" त्या दिवशी आम्ही खरे घाबरलो.

तपासणी

गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितले. बी-12 जीवनसत्त्व कमी असले, थायरॉइडचे काम मंदावले, मनाला उदासीनता आली, डोक्याला मार लागून आत रक्त साकळले, तरीही माणूस विसरू लागतो. यातल्या कित्येक गोष्टींवर इलाज आहे. म्हणून "म्हातारपण" म्हणून सोडून देऊ नये, आधी तपासावे, हा आमचा पहिला धडा. अण्णांचे रक्त ठीक निघाले. पुढे एका मोठ्या रुग्णालयात डोक्याचा स्कॅन झाला. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवून पाच मिनिटांनी सांगा, घड्याळाचे चित्र काढा, असे प्रश्न झाले. अण्णांनी घड्याळ काढले, पण सगळे आकडे एकाच बाजूला!

नोव्हेंबर 2022 मध्ये निदान झाले. अल्झायमर या आजाराने आलेला स्मृतिभ्रंश. डॉक्टरांनी हे आम्हाला व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितले. अण्णा आत बाकावर बसले होते. त्यांना कोणीच काही सांगितले नाही, आणि आम्हीही नाही. लपविण्याची सुरुवात तिथूनच झाली.

हा आजार आहे तरी काय?

स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया. हे एका आजाराचे नाव नाही. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होऊन आठवण, विचार, भाषा आणि वागणे बिघडते, त्या अवस्थेचे हे नाव. त्याला कारण होणाऱ्या आजारांत अल्झायमर सर्वांत मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने शंभरातल्या साठ ते सत्तर जणांचा स्मृतिभ्रंश त्याच्यामुळे असतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे येणारा प्रकारही बराच आढळतो.

जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये 1901 साली ऑगुस्ट डेटर नावाची 51 वर्षांची बाई आलोईस अल्झायमर या डॉक्टरांकडे आली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येत नव्हते. 1906 मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्यातले बदल जगापुढे मांडले. म्हणजे हे मेंदूचे दुखणे आहे, हे कळून शंभर वर्षे उलटून गेली. भारतात 60 वर्षांवरील माणसांत हे प्रमाण शंभरात सातच्या वर, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसले. तरीही आपण त्याला चळ लागला म्हणतो, डोक्यात फरक पडला म्हणतो.

पूर्ण बरे करणारे औषध अजून नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काही रुग्णांना काही काळ आधार देतात. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. बापाला झाला म्हणजे लेकरांना होणारच, असेही नाही. फारच थोड्या घराण्यांत, तेही बहुधा लहान वयात होणारा प्रकार, सरळ वारशाने येतो. इतरांत घरात आजार असल्यास शक्यता थोडी वाढते, इतकेच. ही गोष्ट आम्हाला आधी ठाऊक असती तर पुढचे रामायण टळले असते.

आम्ही का लपविले?

कारण धाकट्या बहिणीची सोयरीक चालू होती. मुलगा चांगला, नोकरीला. लोक म्हणतील घराण्यात वेड आहे, या भीतीने आम्ही ठरविले की लग्न होईपर्यंत कोठे बोलायचे नाही. बहिणीला मात्र विचारले नाही.

पाहुणे आले की आम्ही अण्णांना आतल्या खोलीत बसवू लागलो. "अण्णांना बरं नाही, पडलेत जरा." फोन आला की आई घ्यायची. सोबती आले तर दारातूनच परत. ज्या माणसाने आयुष्यभर चार माणसांत बसून काढले, त्याला आम्ही आमच्या अब्रूसाठी पडद्याआड केले. अण्णा विचारायचे, "कोण आलंय? मला का नाही बोलावलं?" आम्ही काही तरी थाप मारायचो. ते विसरतील या भरवशावर!

फेब्रुवारी 2023 मध्ये मुलाकडच्यांना दुसरीकडून कळले. वस्तीत अशी गोष्ट किती दिवस दबते? मुलाचे वडील घरी आले. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "दुखणं कुणाच्या घरात नाही? पण तुम्ही हे लपवलंत, तर उद्या आणखी काय काय लपवाल?" सोयरीक मोडली. रात्री बहीण आम्हाला म्हणाली, "दादा, मी तुम्हाला लपवायला सांगितलं नव्हतं. माझ्या लग्नापायी अण्णांना कोंडलंत, हे मला आधी सांगितलं असतंत तर मीच नको म्हटलं असतं." आमच्याकडे उत्तर नव्हते.

एवढे होऊनही आमचे तोंड उघडले नाही. ते उघडले 14 एप्रिल 2023 रोजी. जयंतीच्या कार्यक्रमात नेहमीप्रमाणे अण्णांना वंदनेला पुढे बोलाविले. आम्ही नको म्हणू शकलो नाही, कारण कारण काय सांगणार? अण्णांनी सुरुवात केली. मध्येच अडकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, पुन्हा तिथेच अडकले. मागे उभी असलेली दोन पोरे हसली. एक म्हणाला, "आज म्हातारा टाइट आहे." ज्यांचा फॉर्म अण्णांनी भरला होता, त्यांतलाच तो एक. आईने ते ऐकले. आयुष्यभर दारूला न शिवलेल्या माणसाला दारुड्याचे नाव पडले, आणि ते आमच्या मुकेपणामुळे पडले. पोरांचा काय दोष? त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

आधी अण्णांना

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे आणि आई बसलो. कोणाला सांगायचे याची यादी करू लागलो, तेव्हा वहिनी म्हणाली, "सगळ्यांना सांगायचं ठरवताय, पण ज्यांचा आजार आहे त्यांना सांगितलंत का?" तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

आम्ही सकाळची वेळ निवडली, कारण सकाळी अण्णांचे डोके ताजे असते. टीव्ही बंद केला. दोघेच बसलो, आई आणि थोरला; पाच जणांनी घेरले असते तर ते घाबरले असते. थोरल्याने सरळ शब्दांत सांगितले, "अण्णा, तुमच्या मेंदूला आजार झालाय. त्यामुळे विसरायला होतं. तुमची चूक नाही. हळूहळू वाढणारा आजार आहे. आम्ही आहोत."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला कळतंय रे कधीपासून. तुम्ही कुजबुजता ना, ते जास्त लागतं." थोड्या वेळाने म्हणाले, "मला येडा म्हणू नका. आजारी म्हणा."

त्यांना रडू आले. आम्हालाही आले. परंतु त्या दिवसापासून घरातली कुजबूज बंद झाली. दोन दिवसांनी ते सांगितलेले विसरले आणि पुन्हा विचारू लागले, तेव्हा आम्ही पुन्हा सांगितले, थोडक्यात. पुढे पुढे समजण्याची शक्ती कमी झाल्यावर रोज रोज तेच दुःख उकरण्यात अर्थ नव्हता, तेव्हा थांबलो. परंतु सुरुवातीच्या काळात माणसाला कळते, आणि त्याला ते कळण्याचा हक्क आहे. कोणाला सांगायचे, कोणी सांगायचे, हेही त्यालाच विचारावे.

आम्ही अण्णांना विचारले. ते म्हणाले, "विहारात मी सांगतो."

विहारात

पुढच्या रविवारी वंदना दुसऱ्याने घेतली. नंतर अण्णा उभे राहिले. आईने चिठ्ठी लिहून हातात दिली होती, त्यांनी ती पाहिलीही नाही. म्हणाले, "जयभीम. मला विसरण्याचा आजार झालाय. डॉक्टरचे कागद आहेत. दारू नाही प्यायलो. रस्ता चुकलो तर घरी आणून सोडा." आणि बसले.

कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत, ते बरे झाले. एक म्हातारी बाई उठल्या आणि अण्णांच्या शेजारी जाऊन बसल्या. बाहेर चपला घालताना तो हसलेला पोरगा आला, पाया पडू लागला. अण्णांना तो प्रसंग आठवतही नव्हता. म्हणाले, "कितवीला आहेस?" तो पोरगा आता रिक्षा चालवितो. स्टँडवरच्या सगळ्या रिक्षावाल्यांकडे आमचा फोन नंबर त्यानेच दिला. गेल्या पावसाळ्यात पहाटे साडेपाचला अण्णा डबा घेऊन कामाला निघाले होते, बारा वर्षांपूर्वीच्या कामाला! स्टँडवरूनच फोन आला. आजार लपलेला असता तर ते कोठे पोहोचले असते, कल्पनाही नको वाटते.

सगळेच जवळ आले असे नाही

खोटे कशाला सांगा? काही माणसे दुरावली. अण्णांसोबत वीस वर्षे कॅरम खेळलेले एक सोबती येईनासे झाले. थोरला त्यांना भेटायला गेला. ते म्हणाले, "मला बघवत नाही रे. काय बोलायचं कळत नाही." त्यांना सांगितले, बोलू नका, नुसते कॅरम घेऊन या. ते दोनदा आले, मग पुन्हा थांबले. त्यांच्यावर राग नाही.

काही जण अण्णांशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलू लागले. काही जण अण्णा समोर असताना आम्हालाच विचारतात, "जेवतात का हे?" आम्ही म्हणतो, त्यांनाच विचारा ना.

गावी काकांना फोनवर न सांगता समक्ष जाऊन सांगितले. काका समजले. परंतु आत्याने हळूच आईला बाजूला घेतले, "बाहेरचं काही असेल, एकदा एकाला दाखवून बघू." बाबासाहेबांनी 1956 साली आपल्याला या अंधारातून बाहेर काढले, तरी दुखणे आले की कोणी तरी मागचे दार उघडतोच. आम्ही आत्यावर चिडलो नाही. स्कॅनचा कागद तिला दाखविला, डॉक्टरांनी समजावले तसे समजावले. मेंदूच्या पेशी मरतात, त्याला अंगारा काय करणार? भगताकडे जाणारे पैसे आणि वेळ हे दोन्ही अण्णांच्या वाट्याचे आहेत, असे सांगितल्यावर तिने ऐकले.

मुलांना काय सांगायचे हा मोठा प्रश्न होता. सात वर्षांचा नातू विचारायचा, "आजोबा मला दुसऱ्याच नावाने का बोलावतात?" आम्ही सांगितले, आजोबांच्या मेंदूला आजार आहे, नावे निसटतात, तुझ्यावर राग नाही, आणि तुला हा आजार त्यांच्याकडून लागणार नाही. मुलांना एवढे पुरते. आता तो स्वतःच रोज सांगतो, "आजोबा, मी तुमचा नातू." मोठ्यांपेक्षा त्याला ते सोपे जाते.

सांगणे म्हणजे मागणेही

आमची आणखी एक चूक सांगतो. सुरुवातीला लोक म्हणत, "काही लागलं तर सांगा," आणि आम्ही म्हणत असू, "हो हो." मदत काही झाली नाही, कारण आम्ही मागितलीच नाही. सगळा भार आईवर आणि वहिनीवर. वहिनीने पॅकिंगचे काम सोडले. रात्री तीनदा उठायचे, अंथरूण बदलायचे. एक दिवस आई चक्कर येऊन पडली.

तेव्हा आम्ही नातेवाइकांना बोलावून कामे वाटली. बहीण रविवारी. काका वर्षातून एक महिना. शेजारच्या ताई गुरुवारी दोन तास बसतात, तेव्हा आई बाजारात जाते. ज्यांना वेळ नाही त्यांनी गोळ्यांचा खर्च उचलला. वहिनी पुन्हा अर्धा दिवस कामावर जाऊ लागली. "मदत करा" असे न म्हणता "गुरुवारी दोन तास बसाल का?" असे म्हटले की माणसे हो म्हणतात. मुलगे मोकळे आणि सुनांनी सगळे करायचे, ही रीत तर मोडलीच पाहिजे. आता रात्रीची पाळी आम्ही भाऊ घेतो.

कागदपत्रांचेही सांगून ठेवतो. माणसाला समजते आहे तोवरच मृत्युपत्र, बँकेचे जोडखाते, वारसाचे नाव ही कामे त्याच्या मर्जीने करून घ्यावीत. कुलमुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नये. देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की आपल्या कायद्याप्रमाणे ते संपते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्याची सोय आहे. हे सारे लपवून होत नाही. चार भावंडांत उघड बोलूनच होते, नाही तर पुढे भांडणे ठरलेली.

मोठ्या माणसांनीही सांगितले

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी 5 नोव्हेंबर 1994 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, आपल्या हाताने पत्र लिहून देशाला सांगितले की आपल्याला अल्झायमर झाला आहे. 1974 चा रेल्वे संप उभा करणारे जॉर्ज फर्नांडिस आपल्या अण्णांच्या पिढीतल्या कामगाराला कोण विसरेल? त्यांनाही याच आजाराने गाठले, 2019 मध्ये ते गेले. देश हलविणाऱ्यांच्या मेंदूला जे होऊ शकते, ते आपल्या घरात झाले तर त्यात लाज कसली?

बहिणीला दुसरे स्थळ आले तेव्हा पहिल्याच भेटीत अण्णांना बाहेर बसविले आणि सर्व सांगितले. अण्णांनी मुलाच्या वडिलांना चार वेळा गाव विचारले. त्यांनी चारही वेळा सांगितले. मे 2024 मध्ये लग्न झाले. अण्णा मांडवात पहिल्या रांगेत होते. लग्न कोणाचे हे त्यांना अधूनमधून आठवत नव्हते, पण जेवण छान झाले म्हणाले.

आज अण्णांची नावे निसटली आहेत. आईला ते कधी "बाई" म्हणतात, कधी ओळखतात. परंतु दर रविवारी विहारात जातात. बाकीचे वंदना म्हणू लागले की त्यांचे ओठ हलतात. जुने, रोजच्या सरावाचे असे काही मेंदूत बराच काळ टिकते, असे डॉक्टर सांगतात. आता ते अडकले तर मागे कोणी हसत नाही.

बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात असे कोणी असेल तर त्याला आतल्या खोलीत ठेवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. मग त्याला स्वतःला सांगा, मग घरच्यांना, मुलांना, शेजाऱ्यांना, किराणावाल्याला, रिक्षा स्टँडला. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. मनावर ताण आला तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 हा क्रमांक आहे. आणि शेजारच्या घरात असे दुखणे असेल, तर काय बोलावे हे सुचले नाही तरी जाऊन बसा. आमच्याकडे गुरुवारी येणाऱ्या ताई फारसे बोलत नाहीत. अण्णांसोबत शेंगा सोलत बसतात. तेवढ्याने आई बाजार करून येते.